पाटे वाढवले, ब्रेक बिघडले

पिकअपची सर्व्हिसिंग किलोमीटरवर करा, असं कंपनीचं पुस्तक सांगतं. ते खोटं नाही, पण ढाणकीसारख्या गावाला पुरेसं नाही. उमरखेड तालुक्यातल्या या पैनगंगेकडच्या पट्ट्यात गाडी हंगामाप्रमाणे झिजते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन, मग कापूस, उन्हाळ्याच्या तोंडावर हळद आणि शेवटी मे महिन्याचा भाजून काढणारा उन्हाळा. दर हंगामाला गाडीचा वेगळा भाग मार खातो.

सगळ्यात जास्त मार पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना. १.७ टन क्षमतेची गाडी म्हणजे पन्नास किलोचे चौतीस कट्टे. भरताना हा हिशेब कोण धरतो? पाटे बसले की मालक गॅरेजात जाऊन दोन पाटे वाढवून घेतो आणि गाडी ‘मजबूत’ झाली म्हणून निर्धास्त होतो. खरी गडबड इथे सुरू होते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की मागची बाजू खाली बसते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि मागचे ब्रेक कमी दाबावर राहतात. भरलेली गाडी उतारावर थांबत नाही, ती यामुळेही. काही जण यावर उपाय म्हणून दांडा तारेने ओढून बांधतात. मग उलटं होतं: रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम करून आडवी होते. पाट्यांचं काम केलं की व्हॉल्व्हची सेटिंग तपासून घ्यायची, तार काढून फेकायची. मुळात दोन खेपा केल्या तर पाटे वाढवायची वेळच येत नाही, पण भाड्याच्या गणितात हे कोणाला पटत नाही.

आपल्याकडचा चिखल वाळला की दगड होतो. पाट्यांच्या फटीत, ड्रमच्या कडेला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर तो घट्ट बसतो. वरून गाडी चकाचक धुऊन उपयोग नाही, खालून धुवा आणि धुतल्यावर ग्रीस मारा. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे लायनर सुकतात. पाणी ॲक्सलच्या वर गेलं असेल तर डिफरेन्शियलचं ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

कापसाच्या दिवसांत त्रास वजनाचा नसतो, उडणाऱ्या तंतूंचा असतो. धुळीसोबत ते रेडिएटरच्या जाळीत अडकतात, हवा कोंडते आणि तापमानाचा काटा वर चढतो. जाळी आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा; जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात. एअर फिल्टरलाही हवा आतूनच मारायची. सायलेन्सरजवळ कापसाचा बोळा अडकला नाही ना, हे निघण्याआधी वाकून पाहावं. ताडपत्री आणि आग विझवायचा सिलिंडर या दिवसांत गाडीत हवाच.

उन्हाळ्यासाठी दोनच गोष्टी. बोअरचं पाणी कूलंटच्या जागी नको, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. आणि टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांनी मिस्त्रींचं काम वाढवलंय. धुरातली काजळी धरणारा डीपीएफ गावातल्या गावात छोट्या खेपा मारून तुंबतो. त्याचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी लागते. दिवा दुर्लक्षून चालत नाही. ज्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारं डीईएफ हे द्रव लागतं, त्यांच्या मालकांना एक सांगणं: त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण म्हणून खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून ओतू नका. त्यातल्या अशुद्धीने नोझल आणि महागडा कॅटॅलिस्ट दोन्ही जातात.

फिटनेसचं म्हणाल, तर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. आपल्या जिल्ह्याच्या एमएच-२९ पाटीच्या जुन्या गाड्यांनी ती तारीख कापूस निघण्याआधी गाठावी. ऐन हंगामात गाडी अडकली तर भाडं दुसरा नेतो.