तोंड उघडेना, तो दोष कोणाचा?

सोलापूरकराला जबड्याचे महत्त्व सांगावयास नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे आली की त्याची परीक्षाच होते. परंतु कालपर्यंत आवडणारी ही चटणी आज तोंडात आग पेटवू लागली आणि पुढे घासापुरतेही तोंड उघडेना, तर आपण म्हणतो, "अक्कलदाढ येत असेल." कोणी म्हणतो, "जबड्यात वात धरला." दुखते तेथेच दुखण्याचे मूळ असते, ही आपली समजूत या विषयात फसवी ठरते.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहावे. बोटाखाली हाड हलते, तो जबड्याचा सांधा होय. हे हाड आधी बिजागरीसारखे फिरते आणि मग पुढे सरकते. मध्ये चिवट तंतूंची एक गादी असते. ती जागची सरकली की 'कट्' असा आवाज येतो. वेदना नसेल तर त्या आवाजाला भिण्याचे कारण नाही. सांधा कानाला लागूनच असल्यामुळे त्याची कळ पुष्कळदा कानात उठल्यासारखी वाटते. १९३४ साली अमेरिकेतील कान-घशाचे डॉक्टर कॉस्टन यांनी अशा तक्रारींचा संबंध पडलेल्या दातांशी व सांध्यावरील दाबाशी जोडला होता. पुढील संशोधनाने ते मत मागे पडले. चावण्याचे स्नायू, झोपेत दात खाण्याची सवय आणि मनावरील ताण यांचा वाटा मोठा असतो, हे ध्यानात आले.

आपल्याकडे मात्र तोंड न उघडण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सांध्यात नाही, गालात आहे. १९५२ साली केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन झाले. १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या देशातील रुग्णांवरून त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव रूढ केले. त्याचे मुख्य कारण म्हणजे सुपारी. तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते, तर तिच्यातील तांबे ते तंतू एकमेकांत घट्ट गुंतविण्यास हातभार लावते. मऊ गालाचे असे जाडेभरडे विणकाम झाले की तो ताणला जात नाही. प्रथम तिखट झोंबते, मग गाल पांढुरके पडतात आणि शेवटी तोंड आखडते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले असता त्यांपैकी पाच जणांना कर्करोग झाला. "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," या समाधानालाही आधार नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. तथापि गालात धरलेली सुपारी थुंकून टाकण्याचे काम शासन करू शकत नाही.

आखडलेले तोंड पूर्ववत होणे कठीण असते. परंतु सुपारी सोडली तर आग कमी होते आणि व्यायामाने व उपचारांनी तोंड थोडेफार मोकळे करता येते. म्हणून आमची एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमधून आत जातात का ते पाहावे. मुलांनाही पाहावयास सांगावे. न गेल्यास केवळ दाढेला दोष देऊन थांबू नये, दंतवैद्याला सगळे तोंड दाखवावे, आणि सुपारीची गोष्ट त्याच्यापासून लपवू नये.