स्थूलपणा : दोष जनुकांचा की ताटाचा?

"डॉक्टर, आमच्या घराण्यातच लठ्ठपणा आहे. मग खाण्यावर बंधने घालून काय उपयोग?" असा प्रश्न बरेच रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे. आईवडिलांकडून आलेली जनुके बदलता येत नाहीत, हे खरेच. परंतु त्यांपैकी कोणती जनुके कामाला लागतात आणि कोणती स्वस्थ बसतात, हे काही अंशी आपल्या आहारावर अवलंबून असते.

जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे तयार करायचे याची पेशीजवळ असलेली कृती. माणसात अशी सुमारे २०,००० जनुके असतात. मात्र ती सगळी एकाच वेळी वापरली जात नाहीत. पाककृतींचे पुस्तक कितीही जाडजूड असले, तरी घरात जे सामान येते त्यावरच त्या दिवशीचा बेत ठरतो, तसेच काहीसे हे आहे.

न दुखणारा दाह

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह होय. जंतूंशी लढण्यासाठी तो आवश्यक असतो व काम संपले की शमतो. स्थूल व्यक्तींमध्ये मात्र बऱ्याचदा असा मंद दाह सतत धुमसत राहतो. तो दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

चरबी म्हणजे नुसता साठा, असे पूर्वी मानले जाई. १९९३ साली अमेरिकेतील हॉटामिस्लिगिल व स्पीगलमन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की लठ्ठ उंदरांच्या चरबीत 'टीएनएफ-अल्फा' हे दाह वाढविणारे प्रथिन अधिक तयार होते व त्यामुळे इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट येथूनच सुरू होते.

आहाराने काय साधते?

नेदरलँड्समध्ये पोटाचा घेर वाढलेल्या २० जणांवर आठ आठवडे एक प्रयोग झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या आहारात लोण्यासारखे संपृक्त स्निग्ध पदार्थ जास्त होते, तर दुसऱ्याच्या आहारात ऑलिव्ह तेलासारखे असंपृक्त. पहिल्या गटाच्या चरबीत दाहाशी संबंधित जनुके अधिक जागी झाली. दुसऱ्या गटात ती शांत होण्याकडे कल दिसला. इन्सुलिनच्या कार्यात एवढ्या अवधीत फरक पडला नव्हता. म्हणजे तपासणीत दोष दिसण्यापूर्वीच जनुकांवर आहाराचा परिणाम झाला होता. फ्रान्समधील २००४ च्या अभ्यासात स्थूल व्यक्तींना २८ दिवस अत्यल्प उष्मांकाचा आहार दिला, तेव्हा वजनाबरोबर दाहाची जनुकेही मंदावली. (असा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीही करू नये.)

"मी तर सडपातळ आहे," असे म्हणणाऱ्यांनीही सावध राहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली! ही तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. म्हणून भारतीयांनी वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा.

एवढे अवश्य करा

* वनस्पती तूप, पाम तेल, लोणी व बेकरीचे पदार्थ कमी करा. तळणीचे तेल पुन्हापुन्हा वापरू नका.
* शेंगदाणा, तीळ, करडई ही तेले चांगली. पण तीही बेतानेच. जवसाची चटणी रोजच्या जेवणात असू द्या.
* ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी घ्या. यांतील चोथ्यापासून आतड्यातील उपकारक जंतू दाह शमविणारी द्रव्ये तयार करतात.
* साखर, मैदा, बाटलीबंद गोड पेये टाळा व रोज अर्धा तास भरभर चाला.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

जनुकांचा वारसा आपण निवडलेला नसतो, पण ताटात काय वाढायचे हे आपल्या हाती असते. घराण्यात लठ्ठपणा असेल, तर पथ्य सोडण्याचे नव्हे, ते लवकर सुरू करण्याचे ते कारण आहे. आणि ते एकट्याने न पाळता साऱ्या घराने पाळावे. कारण मुलांना आपण जनुकांबरोबर खाण्याच्या सवयीही देत असतो.