परसातले वाटेकरी

मराठीत ससा हा एकच शब्द, आणि तो दोन निराळ्या प्राण्यांना पुरवावा लागतो. आपल्या माळरानावर संध्याकाळी गाडीच्या दिव्यात क्षणभर दिसून उड्या मारत नाहीसा होतो तो एक. लांब कानांचा, लांब तंगड्यांचा, मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ करत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून बसतो. त्याची पिल्लं अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. दुसरा म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो. हा मूळचा युरोपातला आणि बिळात राहणारा. त्याची पिल्लं जन्मतात ती उघडीबोडकी आणि आंधळी. इंग्रजीने या दोघांना वेगवेगळी नावं दिली. आपण दोघांनाही ससाच म्हटलं आणि शर्यतीत कासवाकडून हरवून मोकळे झालो.

त्याच्या भित्रेपणाने मात्र आपल्या भाषेला एक चांगला शब्द दिला आहे. हाकाऱ्यांनी चारी बाजूंनी पिटाळलेल्या सशाची जी दशा होते ती ससेहोलपट. (ससेमिऱ्याचा सशाशी काही संबंध नाही. तो विक्रमाच्या गोष्टीतल्या स-से-मि-रा या चार अक्षरांवरून आला, असं सांगतात. वसुलीच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला एवढं माहीत असायलाच हवं.)

पण ससा जेव्हा माणसाची होलपट करतो, तेव्हा काय म्हणायचं? हा प्रश्न आपल्याकडे सहसा पडत नाही. अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना मात्र तो हमखास पडतो. मे महिन्यात मंडळी पोचतात. घरामागे हिरवंगार परस असतं. जावई, लेक कामावर आणि नातवंडं शाळेत गेली की दिवस खायला उठतो. मग स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे आणि धणे बाहेर येतात, वाफे होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मेथी वर येते. आणखी आठ दिवसांनी सकाळी पाहावं, तर वाफा न्हाव्याने वस्तरा फिरवावा तसा साफ!

न्यू जर्सीत माझ्या लेकीच्या घरी आमचा वाफा असाच गेला. चोर ओळखायची खूण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितली. त्या तिथे चाळीस वर्षं राहत होत्या. ससा कात्रीने कापावा तसा देठ तिरका आणि स्वच्छ कापतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते ओढून तोडतं आणि टोक फाटकं राहतं. आमचे देठ तिरके होते.

तिथला हा ससा तिसऱ्याच जातीचा. शेपटीखाली कापसाचा बोळा चिकटवल्यासारखा पांढरा झुपका, म्हणून त्याला कॉटनटेल म्हणतात. वजन किलो-सव्वा किलो. तो बिळं खणत बसत नाही. झुडपांच्या बुडाशी, लाकडी ओट्याखाली, फांद्यांच्या ढिगात लपतो. म्हणूनच शहरालगतची वस्ती त्याला मानवते. समोर चरायला गवत आणि दोन उड्यांवर आडोसा, हे दोन्ही तिथे आयतं मिळतं. मेथीची चटक का, याचंही उत्तर सोपं आहे. तिथल्या हिरवळीत उगवणारं क्लोव्हर हे त्याचं आवडतं खाणं, आणि मेथी त्याच कुळातली. पूर्वी तिकडे हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद पानांचं तण मारणारी औषधं आली, त्यांत क्लोव्हरही मरू लागलं आणि हळूहळू त्याची गणनाच तणात झाली. म्हणजे त्याचं ताट आपण काढून घेतलं. तो आपल्या पानात जेवू लागला.

खरी परीक्षा पुढेच होती. एका शनिवारी जावई यंत्राने गवत कापत होते. ते मध्येच यंत्र बंद करून म्हणाले, "बाबा, जरा इकडे या." भर हिरवळीत तळहाताएवढा खळगा होता. वर वाळलेलं गवत आणि करडी लव पांघरलेली. ती लव बाजूला केली तर आत पाच पिल्लं, एकमेकांना बिलगलेली. डोळे अजून मिटलेले. यंत्राचं पातं दोन हातांवर थांबलं होतं.

घरात लगेच दोन तट पडले. नात बुटांचं रिकामं खोकं घेऊन आली. सौभाग्यवती म्हणाल्या, "यांची आई कुठाय? दिवसभर फिरकली नाही. मी वाटीत दूध आणते." शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडूनच हात हलवून थांबवलं. त्यांनी सांगितलेलं मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिलं, ते असं: सशीण दिवसभर पिल्लांजवळ थांबतच नाही. थांबली तर कोल्हा, मांजर, ससाणा यांना घरट्याचा पत्ता लागेल. ती पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दूध इतकं कसदार की तेवढं पुरतं. दिवसभर न दिसणारी आई ही टाकून गेलेली आई नव्हे. माणसाचा हात लागला की ती पिल्लांना सोडते, हाही गैरसमज. उलट दया येऊन घरात आणलेली आणि गाईचं दूध पाजलेली पिल्लं बहुधा दगावतात.

तरीही खात्री हवी असेल तर एक उपाय आहे. घरट्यावर चार काड्या आडव्या-उभ्या, जाळीसारख्या ठेवायच्या आणि सकाळी पाहायचं. आम्ही ठेवल्या. त्या रात्री घरात कुणाला धड झोप नव्हती. सौभाग्यवती दोनदा खिडकीशी जाऊन आल्या. सकाळी काड्या विस्कटलेल्या होत्या आणि लव पुन्हा नीट पांघरलेली होती. "येऊन गेली हो," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र निराळा होता. दिवसभर कामावर असणारी आई कशी असते, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग चार काठ्या रोवून तेवढा चौकोन न कापता ठेवला. प्रश्न फार दिवसांचा नसतो. आठवड्याभरात डोळे उघडतात. दोन-अडीच आठवड्यांत, जेमतेम मुठीएवढी झाली की पिल्लं घरटं सोडतात आणि स्वतःचं बघू लागतात. आमच्या पाचांपैकी तीनच गेली. दोन कुणीतरी नेली, बहुधा मांजराने. नात रडली. पण हिशेबच तसा आहे. सशीण महिनाभरात विते, वर्षातून तीन-चार वेळा विते, आणि तरीही पृथ्वी सशांनी भरून जात नाही, कारण बहुतेक पिल्लं वर्षाची होत नाहीत. कोल्हा, घुबड आणि ससाणा यांचंही घर त्यातच चालतं.

हा हिशेब मोडला की काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने पाहिलं. १८५९ साली व्हिक्टोरियातल्या टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून दोन डझन ससे मागवले. त्यांची संख्या रोखण्याजोगे शत्रू तिथे नव्हते. पुढच्या काही दशकांत सशांनी खंडाचा बहुतेक भाग व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात कुंपणं घातली. त्यांतलं पहिलंच १८०० किलोमीटरांहून लांब. ससे तरीही पलीकडे गेले. १९५० साली मुद्दाम रोगाचा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव मेले. जे उरले त्यांच्या पिढ्यांनी त्याला तोंड द्यायला शिकून घेतलं. मग १९९५ मध्ये दुसरा विषाणू आला. प्रश्न आजही आहे. तिथे तो परका म्हणून आला. न्यू जर्सीत ससा मूळचा रहिवासी आहे आणि व्हिसावर आलेले आपण आहोत. त्यामुळे विष, सापळा हे उपाय तिथे मला अस्थानी वाटतात. पकडून दूरच्या रानात सोडणं दयाळूपणाचं दिसतं खरं, पण अनोळखी जागी तो जीव फार टिकत नाही, आणि अनेक राज्यांत त्यावर कायद्याची बंधनंही आहेत.

चालतं ते साधं कुंपण. इंचभर किंवा त्याहून बारीक भोकांची तारेची जाळी, दोन फूट उंच, आणि खालची कड सहा इंच मातीत गाडलेली. कॉटनटेल उंच उडी मारून आत यायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो खालून फट शोधतो. हिवाळ्यात कोवळ्या झाडांची साल तो कुरतडतो, म्हणून खोडालाही जाळी, बर्फाचा थर धरून त्याच्याही वरपर्यंत. बाजारात कुजक्या अंड्यांच्या आणि मिरचीच्या वासाचे फवारे मिळतात, पण ते पावसासरशी धुऊन जातात. कांदा, लसूण, टोमॅटो यांच्या वाटेला तो फारसा जात नाही. ते बाहेर लावावेत, मेथी आणि वाटाणा जाळीच्या आत.

आपल्याकडेही शहरं माळांवर चढत चालली आहेत. नव्या बंगल्याच्या आवारात एखादा माळावरचा ससा आलाच, तर त्याला पकडणं किंवा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात असावं. कुत्रं बांधून ठेवावं आणि त्याला जायला वाट द्यावी.

बँकेत आम्ही दरवर्षी बुडीत कर्जासाठी तरतूद करत असू. सगळं वसूल होणार नाही, हे गृहीत धरूनच ताळेबंद मांडायचा असतो, आणि म्हणून काही कुणी बँक बंद करत नाही. लेकीच्या परसात आता जाळीच्या आत तीन वाफे आहेत आणि बाहेर, कुंपणाच्या कडेला, मेथीची एक ओळ. ती कुणासाठी, हे नातीला ठाऊक आहे. पाणी तीच घालते.