बीपीच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या

गाडी घसरली, डोक्याला जबर मार लागला. आपला माणूस ससूनच्या आयसीयूत बेशुद्ध आहे आणि डॉक्टर बीपी वाढवायचे औषध देत आहेत. बाहेर बसलेल्या आपल्याला धास्ती वाटते, बीपी वाढणे तर वाईट ना?

इथला हिशेब वेगळा आहे. मार लागलेला मेंदू सुजतो. कवटी हाडाची, ती पसरत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि रक्त पोचायला अडथळा होतो. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला, की मेंदूला रक्त पोचवणारा दाब कळतो. ८५ मधून २० गेले, उरले ६५. साधारणपणे हा दाब ६० ते ७० ठेवतात.

पण एकच माप सगळ्यांना बसत नाही. रक्तपुरवठा सांभाळण्याची मेंदूची ताकद मार लागल्यावर प्रत्येकात कमी-जास्त बिघडते. म्हणून रुग्णागणिक माप ठरवण्याचे प्रयोग चालू आहेत. २०२१ साली युरोपात ६० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पद्धत वापरता येते, असे त्यात दिसले. तिने जास्त जीव वाचतात, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

आपल्या हातात काय? जुन्या बीपीवाल्याच्या मेंदूला जास्त दाबाची सवय झालेली असते. म्हणून अपघात होताच १०८ ला फोन करा, जाताना त्याच्या गोळ्यांची पट्टी आणि जुने कागद घ्या. डॉक्टरांना न विचारताच सांगा, "याला बीपी आहे, या गोळ्या चालू आहेत." आणि न समजलेले बिनधास्त विचारा. विचारणे हा आपला हक्कच आहे.