मूठ घट्ट, हात शाबूत

आम्ही राळेगणसिद्धीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज बोलायचंय विळ्याच्या आणि सुरीच्या मुठीबद्दल.

आमच्या गावात १९७५ नंतर पाणी अडवलं, जिरवलं, विहिरींना पाणी आलं आणि रानात कांदा आला. उन्हाळी कांद्याची काटणी म्हणजे दिवसभर हातात विळा. गेल्या हंगामात आमच्यातल्या एकीच्या हातात विळा फिरला आणि डाव्या हाताचं बोट कापलं. चार टाके पडले, पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. विळ्याला धार चांगली होती. मूठ मात्र ढिली आणि घामानं निसरडी झालेली. धार आपण रोज बघतो, मूठ कोणी बघत नाही.

तेव्हा आधी आपली मूठ तपासा. पात्याला जाड गोणपाट गुंडाळा आणि मगच हात लावा. मूठ धरून पातं हलवून पाहा. थोडं जरी हललं तरी तो विळा बाजूला ठेवा. मग मूठ आवळून धरा. बोटांची टोकं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अशी मूठ जास्त जोर लावून धरावी लागते, म्हणून संध्याकाळी मनगट भरून येतं. बोटांच्या टोकांवर अंगठा सहज टेकला की जाडी बरोबर. मूठ तळहातापेक्षा थोडी लांब हवी. साधारण चार ते पाच इंच पुरे. आणि ती अगदी गोल नको, किंचित चपटी असावी. गोल मूठ हातात फिरते, चपटी फिरत नाही.

पातं ढिलं असेल तर मूठ काढा, भोक साफ करून वाळवा. जुने लोक त्यात लाख आणि विटकरीची भुकटी घालून तापवलेलं पातं दाबून बसवायचे. आता दुकानात एम-सील मिळतं. दोन्ही भाग मळून भोकात भरा, पातं सरळ बसवा आणि एक दिवस हात लावू नका. मूठ चिरली असेल तर नवीनच करा. आपल्याकडे कुऱ्हाडबंदी आहे, म्हणून झाड तोडायचं नाही. वाळून पडलेली बाभळीची फांदी घ्या. तशीही ओल्या लाकडाची मूठ वाळली की आकसते आणि पुन्हा ढिली होते.

आता पकड. सायकलची जुनी ट्यूब घ्या, बोटभर रुंदीची लांब पट्टी कापा. मूठ कोरडी करून पट्टी ताणून गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. शेवटचं टोक आधीच्या दोन वेढ्यांखाली खोचा. हात घामेजला तरी रबर सरकत नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. विळा आपण स्वतःकडे ओढतो, तेव्हा हात मुठीच्या मागच्या टोकाकडे सरकतो. म्हणून विळ्याला मागच्या टोकाशी चार-पाच वेढे जास्त द्या, म्हणजे तिथं उंचवटा होतो. सुरी आपण पुढे दाबतो, तिथं हात पात्यावर जायची भीती. म्हणून सुरीला उंचवटा पात्याच्या बाजूला हवा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं ‘नवीन’ नावाचा विळा काढला, त्यातही मुठीच्या घडणीकडे लक्ष दिलंय.

स्वयंपाकघरातल्या सुरीला सुतळी किंवा चिंधी मात्र गुंडाळू नका. त्यात भाजीचा रस मुरतो, वास येतो, घाण साठते. लाकडी मूठ गुळगुळीत झाली असेल तर पॉलिश पेपरनं थोडी खरबरीत करा. शेतातल्या विळ्याची पट्टीसुद्धा हंगाम संपला की काढा, लाकूड वाळवा, जवसाचं तेल चोळा आणि पुढच्या हंगामात नवी पट्टी बांधा.

एवढं करूनही कापलंच, तर स्वच्छ फडक्यानं जखम दाबून धरा. चुना, राख, हळद भरू नका. जखम खोल असेल तर लगेच दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

आमच्या गटानं आता एक नेम केलाय. काटणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्याजणी विळे घेऊन जमतो आणि एकमेकींच्या मुठी हलवून बघतो. पुढच्या बैठकीला तुम्हीही आपापले विळे घेऊन या.