एपिसोड 14: बादलीतला हॉबी प्रोजेक्ट (ट्रान्सक्रिप्ट)

परत एकदा 'ब्रेक द चेन', परत एकदा घरात. त्यामुळे मागच्या आठवड्यात बऱ्याच जणांच्या व्हॉइस नोट्स आल्या, आणि प्रश्न जवळपास सगळ्यांचा एकच: "दादा, घरबसल्या करता येईल असा एखादा छंद सांग ना, पण टिकणारा."

'टिकणारा' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण मागच्या वर्षीचे आपले छंद आठवा. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून लॉकडाउन लागलं, आणि पुढच्या दोन आठवड्यांत सगळ्यांच्या स्टेटसला डालगोना कॉफी. मग केळ्याचा केक. मग दूरदर्शनवर रामायण परत सुरू झालं म्हणून सकाळ-संध्याकाळ टीव्ही. मग योगाचं ॲप, गिटारचा ऑनलाइन क्लास, कोणी स्पॅनिश शिकायला घेतलं. आज मे 2021 मध्ये यातलं काय चालू आहे? माझ्या मित्रांपैकी एक जण अजून गिटार वाजवतो. बाकी सगळं संपलं.

मी कोडिंग करतो, म्हणून मला हे असं दिसतं. आपले बहुतेक छंद क्रॉन जॉबसारखे असतात. म्हणजे काय, तर 'रोज सकाळी साडेसहाला उठून अमुक करायचं'. घड्याळ बघायचं, मूड बनवायचा, सामान काढायचं, मग सुरुवात. एक दिवस ऑफिसचा कॉल लांबला की जॉब फेल. तीन दिवस फेल झाला की आपण तो बंदच करतो. याउलट काही गोष्टी इव्हेंटवर चालतात. एखादी गोष्ट घडली की तिच्यामागून दुसरी आपोआप होते. देवासमोर दिवा लावायला आजीला कधी रिमाइंडर लागला? तिन्हीसांजा झाल्या, दिवा लागला. संपला विषय.

आता घरात असं काय आहे, जे रोज न चुकता घडतंच? कचरा! भाजी चिरली की देठं, चहा झाला की चोथा, सध्या तर आंब्यांचा सीझन, म्हणजे सालींचा ढीग. म्हणून आजचा छंद आहे घरच्या घरी खत करणं. नाक मुरडू नका, मीही इंजिनिअरच आहे, शेतकरी नाही. आमचा पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सहा फुटांची गॅलरी, घरात चार माणसं. एप्रिल 2020 पासून हे चालू आहे, आणि मला त्यात खरोखर मजा येते.

आधी आकडे. पहिला महिनाभर मी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओला कचरा मोजला. सरासरी 600 ग्रॅम निघाला. म्हणजे वर्षाला जवळपास 220 किलो, एका घराचा! त्यातून चाळून साधारण 40 किलो खत मिळालं. बाकीचं गेलं कुठे? बरंचसं पाणी म्हणून उडालं, आणि जंतूंनी खाल्लेल्या कार्बनपैकी बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. जंतूसुद्धा आपल्यासारखेच श्वास घेतात.

हाच मुद्दा नीट समजला की बाकी सगळं सोपं आहे. बादलीत जे काम करतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना चार गोष्टी लागतात: कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि हवा. कार्बन म्हणजे त्यांचं इंधन, नायट्रोजन म्हणजे शरीर बांधायचं सामान. साधारण 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असं प्रमाण जमलं की त्यांचं काम झकास चालतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण बहुतेक वेळा 20 च्या खालीच असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. वाळलेल्या पाल्यात ते 40 ते 80 च्या आसपास, आणि लाकडाच्या भुशात तर काही शे. म्हणून नुसता ओला कचरा साठवला की तो सडतो, आणि त्यात सुका पाला मिसळला की त्याचं खत होतं. गणित एवढंच.

रोज तराजू घेऊन बसायची गरज नाही. एक वाटी ओला कचरा, त्यावर दीड ते दोन वाट्या चुरलेला सुका पाला. पाला नसेल तर कोकोपीट, नारळाची शेंडी सोडवून, किंवा पुठ्ठ्याचे बारीक तुकडे. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन ऑर्डरचे एवढे खोके घरात येतात, ते कामी येतात. चकचकीत छापील खोका मात्र नको, साधा तपकिरी घ्या.

बादली कुठली? रंगाची 20 लिटरची रिकामी बादली, स्वच्छ धुतलेली. तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने बाजूला आणि तळाला भोकं पाडायची. ही भोकं हवेसाठी. तळाशी दोन-तीन इंच पाला, मग रोजचा थर. पहिल्या दिवशी विरजण म्हणून थोडं आंबट ताक किंवा कुंडीतली मूठभर माती. बाजारात यासाठी पावडरी मिळतात. घ्यायच्या तर घ्या, पण माझ्या मते गरज नाही, आपल्या मातीत जंतूंची काही कमी नाही. एक बादली भरायला आमच्याकडे महिना लागतो आणि ती पिकायला पुढचे दोन महिने. म्हणून बादल्या तीन. एक भरतेय, एक पिकतेय, एक तयार होत आलीय. ज्यांना पाइपलाइन म्हणजे काय ते कॉलेजात कळलं नव्हतं, त्यांना इथे कळेल.

यूट्यूबवर बघाल तर खताच्या ढिगातून वाफा निघताना दाखवतात. मोठा ढीग 55-60 अंशांपर्यंत तापतो, हे खरं. पण आपली बादली तेवढी तापत नाही. आकार छोटा, म्हणजे आतल्या मालाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता टिकत नाही. हात घातला तर कोमट लागेल, बस. घाबरू नका, काम चालू आहे, फक्त सावकाश.

आता डिबगिंग, म्हणजे माझा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे एरर मेसेज नाकाला कळतो. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा संपलीय आणि आत पाणी जास्त झालंय. हवेशिवाय जगणारे जंतू कामाला लागलेत. पाला घाला, काडीने वर-खाली करा, दोन दिवस झाकण किलकिलं ठेवा. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला, तर नायट्रोजन जास्त झालाय. उपाय परत पालाच. काहीच वास नाही पण महिनाभर सगळं जसंच्या तसं आहे, तर माल कोरडा पडलाय, थोडं पाणी शिंपडा. ओलावा तपासायचा तर मूठभर घेऊन दाबा: हात ओलसर झाला पाहिजे, पण धार लागता कामा नये. फार तर एखाद-दुसरा थेंब.

चिलटं होतात, विशेषतः आत्ता आंब्याच्या दिवसांत. साल उघडी पडली की चिलटं हजर. वर दोन इंच पाल्याचं पांघरूण ठेवलं की कमी होतात. आणि कधीकधी करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसतात. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. किळस वाटते, मान्य. पण त्या चावत नाहीत आणि कचरा प्रचंड वेगाने फस्त करतात. आमच्या आईने त्यांना 'तुझे इंटर्न' असं नाव ठेवलंय.

काय टाकायचं नाही: मासे-मटण, हाडं, दूध, तेलकट उरलंसुरलं. कोय टाकली तर चालते, पण ती महिनोन् महिने तशीच राहते, मी बाजूला वाळवतो. अंड्याची टरफलं चुरून टाका. चहाचा चोथा धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात.

आता थोडं गंभीर. हा छंद मी मजेसाठी धरला, पण त्याचा खरा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला. एप्रिलमध्ये बाबा पॉझिटिव्ह आले. सौम्य लक्षणं होती, घरीच वेगळ्या खोलीत होते, आता बरे आहेत. त्या दिवसांत दार उघडून कचरा द्यायचा म्हणजे कोणाच्या हातात द्यायचा? आमच्याकडे ज्या ताई येतात, त्यांच्याच ना.

पुण्यात घरोघरचा कचरा बऱ्याच भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य उचलतात. 2008 मध्ये महापालिकेशी करार करून हे काम सुरू झालं, आणि त्यामागे 1993 पासूनची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना आहे. आपण वर्क फ्रॉम होमवर होतो, तेव्हा या बायका रोज दारोदार फिरत होत्या. ओलं-सुकं वेगळं देणं 2016 च्या नियमांनी बंधनकारक केलं, तरी आजही कितीतरी घरांतून एकच पिशवी येते: वरण, प्लास्टिक, वापरलेला मास्क, सगळं एकत्र. ते वेगळं कोण करतं? हाताने, त्या ताई.

बाबांच्या खोलीतलं मी काहीच बादलीत टाकलं नाही. त्यांचे मास्क, टिश्यू वेगळ्या पिवळ्या पिशवीत बांधून, महापालिकेच्या माणसांकडे दिले. आमचे मास्क 72 तास कागदी पिशवीत ठेवून, कापून, मग सुक्या कचऱ्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना तेव्हा तशाच होत्या. आणि स्वयंपाकघरातलं ओलं सगळं गॅलरीत मुरलं. त्यामुळे त्या दोन-अडीच आठवड्यांत घरातून बाहेर जाण्यासारखं उरलं ते फक्त सुकं, कोरडं, वास नसलेलं. ते आम्ही थोपवून धरू शकलो. ओला कचरा मे महिन्याच्या तोंडावर अठरा दिवस घरात थोपवता येतो का, सांगा.

आणि पिशवी ताईंच्या हातातून पुढे गेली तरी ओला कचरा काही गायब होत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला, आणि तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध किती वेळा आंदोलनं केली, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. मोठ्या ढिगाखाली हवा पोचत नाही, म्हणून मिथेन तयार होतो. हवामान तापवण्यात तो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त जोरदार आहे. म्हणजे तीच साल, तोच चोथा. भोकं असलेल्या बादलीत गेला तर वेगळा निकाल, ढिगात गेला तर वेगळा.

एका घराने काय फरक पडतो, असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. फार नाही पडत. 220 किलोचा पडतो. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी जानेवारीत बादली मागून घेतली, आता 440 चा पडतो.

खत झालं हे कसं ओळखायचं? काळपट, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास. हा वास ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या जिवाणूंमुळे येतो, पांढरट-करड्या धाग्यांसारखे तेच दिसतात. चाळणीने चाळा, जाड उरलेलं पुढच्या बादलीत विरजण म्हणून. कुंडीत एक भाग खत आणि दोन-तीन भाग माती. नुसतं खत भरू नका, पाणी नीट निचरत नाही. आमचा मोगरा यंदा भरभरून फुललाय. खतामुळेच, असा दावा मी करणार नाही, कारण शेजारी बिनखताची कुंडी ठेवून तुलना केलेली नाही. गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर 'प्रयोग परिवारा'तून हेच सांगत आले: स्वतः करून बघा, मोजा, नोंद ठेवा. पुढच्या सीझनला दोन कुंड्या ठेवतोय.

सुरू करायचं असेल तर सगळ्यात आधी पाला गोळा करा. आत्ता सोसायटीच्या आवारात कोरडा पाला मिळतोय, माळीकाका उलट खूश होऊन देतात. जूनमध्ये पाऊस लागला की सगळा भिजणार आणि मग चार महिने कोरडं काही हाताला लागणार नाही. एका बादलीला महिन्याला साधारण एक गोणी चुरलेला पाला लागतो. चार गोण्या भरून जिन्याखाली ठेवा, सेक्रेटरींना आधी विचारून.