जुनी मराठी फाइल उघडली आणि नुसतीच इंग्रजी अक्षरं दिसतायत?

फाइल बिघडलेली नाही, व्हायरसही नाही. दोष जुन्या फॉन्टच्या पद्धतीचा आहे.

कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई-जे-के-बी-एच ही पाच अक्षरं साठतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच दिसतात. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत मात्र ‘म’चा क्रमांक जगभर एकच असतो; देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

उपाय असा:

१. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट करा. वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो कॉम्प्युटरवर नसला तरी.

२. नुसतं वाचायचं असेल, तर तोच फॉन्ट इन्स्टॉल करा.

३. मजकूर मेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल, तर त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. आधी मूळ फाइलची कॉपी ठेवा. नंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. गडबड बहुधा तिथेच होते.

४. नवं लिखाण थेट युनिकोडमध्ये करा. विंडोज १० किंवा ११च्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली मराठी जोडा. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत नसेल, तर मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा.

पीडीएफमधून कॉपी केलेलं मराठी विचित्र दिसतं, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

तुमची फाइल कोणत्या फॉन्टमध्ये अडकलीय? कमेंटमध्ये नाव टाका, मिळून मार्ग काढू.